गिल्बर्ट हिल ६.६ कोटी वर्षांची की ६ कोटींची? आणि मुंबईचा दगड नक्की कुठल्या गटातला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही समजेल. तुम्ही अंधेरीत राहता, रविवारी सोसायटीतल्या मुलांना गिल्बर्ट हिलवर घेऊन जाता. वडिलांच्या कॉलेजच्या पुस्तकात मुंबईचा दगड "अपर ट्रॅप, इओसीन" लिहिलाय, नेटवर जिकडेतिकडे ६.६ कोटी वर्षं, एका लेखात ६.०५ कोटी, आणि तुमच्याच सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटच्या सॉइल रिपोर्टमध्ये "डेक्कन ट्रॅप बसाल्ट, क्रिटेशियस ते इओसीन". (डेक्कन ट्रॅप म्हणजे महाराष्ट्रभर पसरलेले थिजलेल्या लाव्हाचे थर, बसाल्ट हा त्यातला काळा दगड; क्रिटेशियस, पॅलिओसीन, इओसीन ही याच क्रमाने आलेल्या भूवैज्ञानिक कालखंडांची नावं.) यातलं खरं कुठलं, मुलांना काय सांगायचं, आणि ही नावं-वयं दर थोड्या वर्षांनी बदलतात तर त्यावर विश्वास तरी कसा ठेवायचा, असं तुम्ही विचारलंय.

मी सत्तावीस वर्षं मुंबईत बोअरहोलचे कोअर, म्हणजे जमिनीत भोक पाडून काढलेले दगडाचे दंडगोल, तपासतोय. फाउंडेशन, बोगदे, पाइपलाइन, सगळीकडे माझं काम एकच, बॉक्समध्ये आडवा पडलेला दगड बघून तो कोण आहे ते ओळखायचं. डेटिंग, म्हणजे दगडाचं वय मोजणं, मी करत नाही, ते लॅबवाल्यांचं काम, पण त्यांच्या आकड्यांवर मला रोज काहीतरी ठरवावं लागतं म्हणून ते आकडे कुठून येतात हे शिकून घ्यावं लागलं.

तुमच्या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न गुंतलेत. हा दगड कुठल्या थरांच्या गटातला, हा एक. तो किती वर्षांचा, हा दुसरा. आणि तिसरा कुणी विचारतच नाही, तो म्हणजे आपण नक्की कुठल्या दगडाबद्दल बोलतोय? गिल्बर्ट हिलचा खांबांचा दगड, तुमच्या बिल्डिंगखालचा दगड आणि खंडाळ्याच्या घाटातला दगड हे तिन्ही "डेक्कन ट्रॅप" असले तरी एकाच वयाचे असतील असं अजिबात नाही. चार ठिकाणी चार उत्तरं मिळाली त्यातला अर्धा गोंधळ इथलाच आहे.

आधी गटाचं बोलतो, कारण ते वयाच्या आधी आलं. एकोणिसाव्या शतकात ब्लॅनफर्ड वगैरे भूवैज्ञानिक मंडळी पायी आणि घोड्यावरून फिरून ट्रॅपचे तीन भाग करत होती, लोअर, मिडल, अपर. त्यांच्याकडे ना केमिस्ट्री ना आर्गॉनवरून वय मोजायची सोय, फक्त डोळे, हातोडा आणि थर कुठे झुकतात ते बघायचं साधन. घाटावर लाव्हाचे थर जवळजवळ आडवे, एकावर एक फळ्या रचल्यासारखे. पण तुम्ही पनवेल-कल्याणच्या पट्ट्यात आलात की हेच थर समुद्राकडे झुकायला लागतात, याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. आता विचार करा, थर पश्चिमेला झुकलेत आणि तुम्ही सपाट जमिनीवरून पश्चिमेकडे चालताय, म्हणजे चालता चालता तुम्ही थरांच्या चळतीत वरवर चढताय. म्हणून मुंबई सगळ्यात वरची, अपर ट्रॅप. हा तर्क पक्का होता आणि माझ्या मते आजही पक्काच आहे.

त्याला इओसीनचं लेबल कुठून लागलं? वरळी आणि मलबार हिलच्या परिसरात दोन लाव्हांच्या मधे गाळाचे थर सापडले, त्यांना इंटरट्रॅपियन म्हणतात, म्हणजे एक लाव्हा आल्यानंतर दुसरा येईपर्यंत जी उसंत मिळाली त्यात साचलेला गोड्या पाण्याचा चिखल. वरळीच्या त्या थरातल्या छोट्याशा बेडकाचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ सालीच केलंय, आज त्याला इंडोबॅट्राकस म्हणतात. गोड्या पाण्यातलं कासवही मुंबईच्या याच थरांतून मिळालंय. मुलांना हे नक्की सांगा, आज जिथे सी लिंकचं टोक आहे तिथे जवळपास कधीकाळी बेडकांचं तळं होतं. पण तळ्यातला बेडूक तुम्हाला वय अगदी ढोबळ सांगतो. समुद्रातले जीव जगभर पसरलेले असतात म्हणून त्यांच्यावरून थर जुळवता येतात, एका तळ्यातला बेडूक मात्र त्या तळ्याचाच. शिवाय ट्रॅप फार दीर्घकाळ, लाखो नाही तर कोट्यवधी वर्षं ओतत राहिले असावेत अशी तेव्हा समजूत होती. वरचे म्हणजे बरेच नंतरचे, म्हणून इओसीन. तर्काचा पाया बरोबर होता, फक्त वर लावलेला आकडा अंदाजाचा होता.

मग १९८० च्या दशकात दोन गोष्टी एकदम घडल्या. सह्याद्रीच्या घाटांमध्ये खालून वर प्रत्येक लाव्हाचे नमुने घेऊन त्यांची केमिस्ट्री केली गेली, टायटॅनियम किती, बेरियम किती, स्ट्रॉन्शियमचे आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) कसे, आणि त्यावरून थरांचे गट पाडले गेले. आज तुम्ही जी नावं वाचता, जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर, ती यातून आली. बुशेच्या लाव्हामध्ये खालच्या जुन्या भूकवचाची भेसळ जास्त दिसते, अंबेनळीत सगळ्यात कमी, म्हणून दोन्ही केमिस्ट्रीवर वेगळे ओळखू येतात, हातात घेतले तर दोन्ही काळेच. यासोबत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची वेगळी पद्धत आहेच, ते प्रत्यक्ष साइटवर दिसणाऱ्या खुणांवर चालतात, लाव्हा दोरीसारखा वळलेला पाहोहो आहे की एकसंध, मधे मोठ्या फेल्डस्पारचा (हे पांढरट खनिज) ओळखीचा थर आहे का वगैरे. कसारा घाटात हा मोठ्या फेल्डस्पारचा दगड बघायला मिळतो, काळ्या दगडात बोटाच्या पेराएवढे पांढरट स्फटिक, आणि अशाच एका थराचं नावच रेल्वेच्या बोगद्यावरून "टनेल फाइव्ह" पडलंय. दोन्ही पद्धतींत काही नावं सारखी आहेत पण हद्दी सारख्याच असतील असं नाही, त्यामुळे कुणी "महाबळेश्वर फॉर्मेशन" म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या पद्धतीतलं?

दुसरी गोष्ट म्हणजे वयं. त्याआधीची पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीची (ती कशी चालते ते पुढे सांगतो) वयं इतकी विखुरलेली होती की कुणीही आपल्याला हवं ते उचलावं. १९८८ च्या आसपास आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने घाटातल्या दगडांची वयं आली आणि ती सगळी साडेसहा कोटींच्या आसपास, डायनोसॉर संपले त्या सीमेजवळ एकवटली. पुढे घाटातल्या दोन लाव्हांमधल्या लाल बोलमधून, म्हणजे लाल मातकट थरातून, झिरकॉन खनिजाचे दाणे वेचून युरेनियम-शिसं पद्धतीने २०१५ साली आणखी बारीक वय आलं. २०१९ मध्ये दोन गटांनी वेगवेगळ्या घड्याळांनी परत मोजलं, ओतण्याचे झटके कधी आणि किती मोठे यावर त्यांचं जमलं नाही, पण घाटातला बहुतेक सगळा लाव्हा साधारण दहा लाख वर्षांत आला यावर जमलं. कोट्यवधी वर्षं ओतत होता ही जुनी समजूत घाटापुरती मोडली.

आणि इथेच चूक शिरली. घाटाचं वय ६.६ कोटी आलं, मुंबई पण ट्रॅपच, मग मुंबई पण ६.६ कोटी. असं कुणी मोजून सिद्ध केलं नव्हतं, ते नुसतं पसरत गेलं. नेटवर गिल्बर्ट हिलच्या नावापुढे जो ६.६ कोटीचा आकडा दिसतो तो घाटाचा आकडा आहे.

गिल्बर्ट हिलचं स्वतःचं मोजलेलं वय २००१ साली छापून आलं, आर्गॉन-आर्गॉनने, ६.०५ कोटी, अधिक-उणे १२ लाख. तुमच्या लेखातला आकडा हाच. त्याच सुमारास मनोरी आणि साकीनाक्याच्या ट्रॅकाइटचीही (बसाल्टपेक्षा जास्त सिलिकाचा, फिकट दगड) वयं आली, साधारण ६.०४ आणि ६.१८ कोटी. नंतर डोंगरीच्या रायोलाइटची, म्हणजे त्याहूनही जास्त सिलिकाच्या दगडाची, वयं ६.२६ ते ६.२९ कोटी आली (ही डोंगरी भाईंदर-उत्तनकडची, जेजे हॉस्पिटलजवळची नाही, यावर माझ्या एका ज्युनिअरने अर्धा दिवस घालवला होता) आणि २०१७ मध्ये मुंबईच्या बसाल्टचीही त्याच्याच आसपास, ६.२५ कोटी. म्हणजे घाट ओतून झाला, त्यानंतर तीसेक लाख वर्षांनी मुंबईत पुन्हा ज्वालामुखी जागा झाला, आणि तेव्हाच पश्चिमेला सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटत होता. इथला लाव्हाही साधा नाही, बसाल्ट आहे, पाण्यात ओतल्यामुळे उशांसारखा गोळ्यागोळ्यांनी झालेला शिवडीकडचा दगड आहे, राखेचे टफ आहेत, ब्रेशिया (तुटक्या तुकड्यांचा चिकटलेला दगड) आहे, रायोलाइट-ट्रॅकाइट आहेत. म्हणूनच मुंबईच्या दगडांना सह्याद्रीच्या गटांत कोंबू नये, त्यांचा वेगळा गट मानावा, हे मत पुढे आलं आणि मी स्वतः त्याच बाजूचा आहे.

म्हणजे बघा, वडिलांच्या पुस्तकातला "अपर" बरोबर, "इओसीन" चूक, कारण इओसीन ५.६ कोटीला सुरू होतं आणि आपला दगड त्याच्या आधीचा, पॅलिओसीन. नेटवरचा ६.६ घाटासाठी बरोबर, अंधेरीसाठी नाही.

आता थोडं आकड्याच्या आत शिरतो कारण तुमचा खरा राग तिथे आहे, की आकडे बदलतात का. पोटॅशियमचा एक प्रकार फार सावकाश आर्गॉनमध्ये बदलतो, अर्धा व्हायला साधारण १२५ कोटी वर्षं लागतात. दगड थंड झाला की आर्गॉन आत अडकायला लागतो, तो मोजला की वय. जुन्या पद्धतीत पोटॅशियम एका तुकड्यात आणि आर्गॉन दुसऱ्या तुकड्यात मोजायचे. नव्या पद्धतीत नमुना अणुभट्टीत ठेवून पोटॅशियमचाच आर्गॉन करतात आणि मग एकाच तुकड्याला टप्प्याटप्प्याने तापवून बाहेर येणारा वायू मोजतात. सलग बऱ्याच टप्प्यांवर तेच वय आलं तर दगडाचं आतलं घड्याळ शाबूत आहे असं समजतात. टप्पे वरखाली नाचायला लागले तर तो दगड बिघडलेला.

आणि मुंबईत बिघडलेला दगड फार. आमच्या बॉक्समध्ये येणाऱ्या बसाल्टमध्ये पाण्याने, गरम द्रावणांनी बदल झालेला असतो, पोकळ्यांत झिओलाइट नावाचं खनिज भरलेलं असतं, काचेचा भाग मातीसारखा झालेला असतो, शिवडीकडच्या दगडात सोडियम बाहेरून घुसलेलं. असा दगड डेटिंगला दिला तर आर्गॉन गळून गेलेला असतो आणि वय खोटं तरुण येतं. बसाल्टमध्ये मुळात पोटॅशियम एक टक्क्यापेक्षाही कमी, ट्रॅकाइटमध्ये ते कितीतरी पट, म्हणून मुंबईत ट्रॅकाइट-रायोलाइटची वयं आली तेव्हा मला जास्त विश्वास वाटला. केमिस्ट्रीवरून गट पाडतानाही हाच घोळ, बदललेल्या दगडात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांना अर्थ उरत नाही, तिथे टायटॅनियम-झिर्कोनियमसारखी जागेवरून न हलणारी मूलद्रव्यंच बघावी लागतात.

शिवाय आर्गॉन-आर्गॉनला एक माप लागतं, वय आधीच माहीत असलेला एक प्रमाण दगड नमुन्यासोबत भट्टीत ठेवतात. सगळ्यात जास्त वापरला जाणारा माप-दगड अमेरिकेतल्या कोलोराडोचा, त्याचं वय २.८०२ कोटी धरायचे, २००८ मध्ये ते २.८२ कोटी झालं. फरक एवढासाच, पण त्यावर मोजलेल्या साडेसहा कोटींच्या दगडाचं वय चारेक लाख वर्षांनी सरकतं. आपल्याला शाळेत डायनोसॉर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपले असं शिकवलं आणि आता मुलांना ६.६ कोटी शिकवतात, त्यामागे बराचसा हाच माप बदलण्याचा भाग आहे, डायनोसॉर तेव्हाच संपले होते. म्हणून २००१ चा आकडा आणि २०१७ चा आकडा शेजारी ठेवताना दोन्ही कुठल्या मापावर मोजलेत ते बघावं लागतं. ६.०५ ला १२ लाखांची मोजणीतली संभाव्य चूक दोन्हीकडे आहेच, मापाचा फरक धरला तर ते ६.२५ च्या आणखी जवळ जाऊ शकतं. मला त्या दोघांत भांडण दिसत नाही.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कुठला दगड. गिल्बर्ट हिलचे खांब उभे आहेत, साठेक मीटर. लाव्हा थंड होताना आकसतो आणि थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात तडे जातात, म्हणून खांब उभे म्हणजे उष्णता वर आणि खाली गेली. उभ्या नळीतला लाव्हा असता तर कडेचे खांब आडवे झाले असते. त्यामुळे हा कुठलातरी आडवा पसरलेला जाड थर आहे, इथपर्यंत मी खात्रीने बोलेन. तो जमिनीवर ओतला की आधीच्या दगडात घुसला हे मात्र आजूबाजूच्या दगडाशी त्याची सीमा दिसते तिथे बघून ठरतं, आणि अंधेरीत ती सीमा आता बिल्डिंगखाली आहे. याने काय फरक पडतो? घुसला असेल तर त्याच्या वयावरून शेजारच्या ब्रेशियाचं वय एवढंच कळतं की तो याच्यापेक्षा जुना. म्हणून गिल्बर्ट हिलचा आकडा उचलून तुमच्या सोसायटीखालच्या दगडाला चिकटवता येत नाही, फार तर आसपासचा म्हणता येतो. खांब सारखे दिसले म्हणून वय सारखं, असंही नाही. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवर असेच सुंदर खांब आहेत आणि ते साडेआठ-नऊ कोटी वर्षांचे, मादागास्कर तुटण्याच्या वेळचे.

तुमच्या सॉइल रिपोर्टमधलं "क्रिटेशियस ते इओसीन" हे वाक्य मी शेकडो रिपोर्टमध्ये बघितलंय, एकाने लिहिलं आणि सगळ्यांनी उचललं. त्याने पाया खचत नाही, पण दगड कोण आहे हे न बघता लिहायची सवय लागते आणि ती मात्र महागात पडते. पश्चिम उपनगरातल्या एका साइटवर लॉगमध्ये, म्हणजे बोअरच्या नोंदीत, १४ मीटरला "जास्त झिजलेला बसाल्ट" लिहिलं होतं. मी बॉक्स उघडला तर दीड मीटरचा काळपट, पापुद्रे सुटणारा दगड. नखाने ओरखडा उठत होता. तुकडा पेल्यातल्या पाण्यात टाकला, वीस मिनिटांत तळाशी चिखल. तिसऱ्या दिवशी उन्हात ठेवलेला बाकीचा कोअर बिस्किटासारखा चकत्या होऊन पडला होता. तो इंटरट्रॅपियन शेल, म्हणजे चिखलाचा पापुद्र्यांचा दगड, होता, बेडकांच्या थरासारखाच, आणि त्याच्या खाली परत दणदणीत बसाल्ट. झिजलेला बसाल्ट खाली खाली घट्ट होत जातो, म्हणून पाइल (पायाचा खोल खांब) तिथेच टेकवायचं ठरलं होतं. शेलचं तसं नसतं, वर-खाली दगड आणि मधे लोण्यासारखा थर. गटाचं नाव बरोबर असतं तर त्या थराची वाट आधीच बघितली गेली असती. पाइलची खोली बदलावी लागली, वेळ गेला, पण पाइल टाकण्याआधी कळलं याचं आजही समाधान आहे.

त्यामुळे तुम्हाला काय करायचंय त्यावर उत्तर थोडं बदलतं. मुलांना सांगायचं असेल तर "गिल्बर्ट हिल साधारण सहा ते सव्वासहा कोटी वर्षांपूर्वीची, सह्याद्रीचा लाव्हा ओतून झाल्यानंतरची" एवढं पुरे आणि ते खरं आहे. कुणी एमएस्सीचं काम करत असेल तर आकडा लिहिताना पद्धत, संभाव्य चूक आणि माप तिन्ही लिहावं. सोसायटीचा प्रश्न असेल तर वय विसरा, पण कन्सल्टंटला एवढं विचारा की बोअरमध्ये ब्रेशिया, टफ किंवा शेल कुठे लागलाय का आणि कोअर बॉक्सचे फोटो आहेत का. बॉक्स फेकून दिले असतील तर निदान फोटो मागाच.

आणि मुलांना एक दिवस फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला न्या, आत जायच्या आधी बाहेरच्या भिंतीला हात लावायला सांगा. करडा दगड कुर्ल्याचा बसाल्ट, पिवळसर मालाडचा ट्रॅकाइट. एकात सिलिका कमी, दुसऱ्यात जास्त, एकच भिंत आणि मुंबईच्या पोटातले दोन वेगळे लाव्हा शेजारी शेजारी. जवळ छोटं भिंग असेल तर पिवळ्या दगडात फेल्डस्पारचे चपटे चकाकणारे दाणे दिसतात, उन्हात मान थोडी तिरकी केली की लगेच.

तुमच्या रिपोर्टमधले बोअरलॉग टाकलेत तर बघून सांगेन. खोली आणि रिकव्हरीचे (किती कोअर हाती आला त्याचे) कॉलम दिसतील असा फोटो काढा, आणि सोसायटीचं नाव झाकून टाका.